गळ्याच्या रेडिएशनला दहा वर्षं झाली, मग आता मानेच्या नसांचा डॉपलर कशाला?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचा घशाचा कॅन्सर बरा होऊन दहा वर्षं झाली, तरी डॉक्टरांनी आता मानेचा डॉपलर सांगितला, हे बिल वाढवणं तर नाही ना?

नाही. करून घ्या. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे.

वीस वर्षं खर्रा (तंबाखू-सुपारी) खाल्ला. २०१२ मध्ये डाव्या गालाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशननंतर नागपुरातच तीस शेक, म्हणजे रेडिएशन, घेतले, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. पुढे दर तपासणीला सगळ्यांचं लक्ष तोंडात, गाठ परत आली का एवढंच. मानेतली नस कोणाच्या ध्यानात नव्हती, माझ्या तर नव्हतीच. दोन वर्षांपूर्वी बर्डीवर भाजी घेताना उजव्या हातातून पिशवी सुटली, बोटं हलेनात. दहा मिनिटांत हात ठीक झाला, म्हणून मी घरी जाऊन निवांत चहा प्यायलो. शुद्ध मूर्खपणा! बायकोने ओढत दवाखान्यात नेलं. डावी कॅरोटिड, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी मानेतली धमनी, चाळीस टक्के अरुंद निघाली.

शेकाची किरणं गाठीसोबत वाटेतल्या धमनीच्या आतल्या अस्तरालाही इजा करतात. धमनीच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही बिघडतात. भिंत जाड, कडक होत जाते, त्यात चरबी लवकर साचते. हे इतकं सावकाश चालतं की त्रास कळायला कित्येक वर्षं जातात. एरवी चरबी बहुधा धमनी दुभंगते तिथे साचते. आमच्यात किरणं पडलेला लांबच्या लांब पट्टाच अरुंद होऊ शकतो. शेकलेल्या मानेवर ऑपरेशन अवघड, म्हणून गरज पडलीच तर बऱ्याचदा स्टेंट टाकतात. माझं ॲस्पिरिन, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि बीपीच्या गोळीवर भागलंय.

डॉपलर म्हणजे मानेची सोनोग्राफीच, सुई नाही की दुखणं नाही. सोबत टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करा. मानेच्या शेकाने थायरॉईड मंदावू शकते, त्याने कोलेस्टेरॉल वाढतं, आणि हे सहा-बारा महिन्यांनी बघायचं असतं ते बरेच जण विसरतात.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर पाच मिनिटांत बरं वाटलं तरी लगेच दवाखाना गाठा.

आणि वडिलांचा खर्रा खरंच सुटलाय का, हे त्यांना नका विचारू. चौकातल्या पानठेल्यावर विचारा.