रोडटच तीन पट्टे की तिघांची एकच वाट?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आमचे चार एकर शेत राज्य महामार्गाला लागून आहे. रस्त्याकडची बाजू २४० फूट असून आतली खोली ७२६ फूट आहे. आम्ही तिघे भाऊ वाटणी करणार आहोत. प्रत्येकाला रोडटच हिस्सा मिळावा म्हणून ८० फुटांचे तीन उभे पट्टे पाडावेत, असे घरच्यांचे मत आहे. धाकट्या भावाला पुढे हॉटेल टाकायचे आहे आणि मला शेतमालाचे गोदाम बांधायचे आहे. अशी वाटणी योग्य होईल काय?
(एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : आपण वाटणीच्या आधी विचारले हे फार बरे केले, कारण एकदा मोजणी होऊन धुरे (बांध) पडले आणि सातबारे वेगळे झाले की मागे फिरणे अतिशय अवघड होते. माझे मत स्पष्ट आहे : उभे पट्टे पाडू नका.

ऐंशी फूट म्हणजे सुमारे २४ मीटर. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. म्हणजे आपल्या शेतासमोरून जाताना चालकाला जवळजवळ दर सेकंदाला शेतातून रस्त्यावर येणाऱ्या वाटेचे एक नवे तोंड लागेल, आणि त्यातल्या कोणत्याही तोंडातून ट्रॅक्टर, दुचाकी किंवा बैलबंडी बाहेर येऊ शकेल. त्या वेगात समोरचा अडथळा पाहून गाडी थांबवायला इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाप्रमाणे १२० मीटर अंतर लागते, आणि तिन्ही तोंडे तर त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरात येतात. रस्त्याला एका बाजूने वाट मिळते तिथे वाहनांचे मार्ग परस्परांशी भिडण्याच्या ९ जागा तयार होतात. त्यांपैकी ३ ठिकाणी मार्ग सरळ एकमेकांना छेदतात, त्या सर्व उजवीकडे वळणाऱ्या वाहनांमुळे निर्माण होतात आणि सर्वांत घातकही त्याच असतात. तीन तोंडे म्हणजे अशा २७ जागा झाल्या. एकच तोंड ठेवले तर त्या नऊच राहतात.

हा प्रश्न आपल्या चार एकरांपुरताही नाही. शेजारचा शेतकरी हेच करतो, त्याच्या शेजारचाही हेच करतो, आणि दहा वर्षांत दोन गावांमधला मोकळा रस्ता पानटपऱ्या, धाबे, कृषी केंद्रे आणि प्लॉटच्या पाट्यांनी भरून जातो. मग अपघात होतात, गतिरोधक बसतात आणि ज्या वेगासाठी सरकारने रस्ता रुंद केला तो वेगच उरत नाही. त्यानंतर बाह्यवळण रस्त्याची मागणी होते आणि तो झाला की त्याच्याही कडेला हेच सुरू होते. रस्ता बांधणारे खाते वेगळे आणि कडेच्या जमिनीचा वापर ठरवणारे खाते वेगळे, या दुराव्याची किंमत रस्त्यावरून जाणारा माणूस मोजतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपल्यासारखे जमीनमालक मात्र वाटणीच्या कागदावरच त्यातला काही भाग टाळू शकतात.

पर्याय असा आहे. वाटणी आडवी करावी, म्हणजे पुढचा, मधला आणि मागचा असे २४० फूट बाय २४२ फुटांचे तीन हिस्से पडतील. चौरसाकृती तुकडा वखराला आणि बांधकामाला दोन्हींना सोयीचा असतो. एका बाजूच्या धुऱ्यालगत ३० फूट रुंदीची सामाईक वाट सोडावी. ती मागच्या हिश्शाच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे ४८४ फूट नेली की पुरे. त्यात १४,५२० चौरस फूट, म्हणजे सव्वातेरा गुंठ्यांच्या आसपास जमीन जाते. तिघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण साडेचार गुंठे येतात. पुढच्या हिश्शाला भाव जास्त येणार हे खरे आहे. तेव्हा ज्याला पुढचा हिस्सा हवा त्याने थोडे क्षेत्र कमी घ्यावे किंवा भावांना रोख भरपाई द्यावी, आणि त्याचे हॉटेलही त्या सामाईक वाटेवरच उघडावे, थेट महामार्गावर नव्हे. ही अट आणि वाटेवरचा तिघांचा हक्क वाटणीपत्रात चतुःसीमेसह लिहावा आणि सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ या रकान्यात त्याची नोंद करून घ्यावी. तोंडी शब्दावर एक पिढी निभावते, पुढच्या पिढीत भांडण उभे राहते.

समोर बांधकाम करता येईल या आशेनेही पट्टे पाडू नयेत. १९५५ च्या महामार्ग अधिनियमाप्रमाणे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारत रेषा (जिच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला, बांधकामाला मनाई असते) आणि नियंत्रण रेषा (जिथपर्यंतच्या बांधकामावर नियंत्रण असते) ठरवता येतात. मोकळ्या सपाट प्रदेशातील राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने दोन्ही बाजूंच्या इमारत रेषांमधले अंतर ८० मीटर आणि नियंत्रण रेषांमधले अंतर १५० मीटर सुचवले आहे. आपल्या रस्त्याला लागू असलेली अंतरे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागीय कार्यालयातून लेखी घ्यावीत. गोदामासाठी जमीन अकृषिक झाली म्हणजे रस्त्यावर तोंड काढण्याची परवानगी मिळाली, असाही अनेकांचा समज असतो. त्या दोन वेगळ्या परवानग्या आहेत.

तोंडाची जागा वळणावर किंवा पुलाच्या कठड्याजवळ घेऊ नका. रस्त्याच्या कडेची नाली बुजवून वाट करू नका, तिथे पुरेशा मोठ्या व्यासाचे पाइप टाका, नाहीतर काळ्या जमिनीत पावसाळाभर पाणी तुंबेल आणि रस्त्याची कडही खचेल. वाटेचे पहिले ५० फूट मुरूम आणि खडी टाकून पक्के करावे, म्हणजे ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर जाऊन दुचाकीस्वार घसरणार नाहीत. फाटक बरेच आत बसवावे. कापसाने भरलेली गाडी फाटक उघडेपर्यंत महामार्गावर उभी राहणे रात्रीच्या वेळी जिवावर बेतते.

प्रश्न : चौपदरीकरणानंतर आमच्या गावासमोरील दुभाजकातील वाट बंद करण्यात आली. आता लोक उलट्या बाजूने गाड्या नेतात. ती वाट पुन्हा उघडण्यासाठी ग्रामसभेने ठराव करावा काय?
(ग्रामपंचायत सदस्य, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला)

उत्तर : ठराव अवश्य करावा, परंतु मागणी बदलावी. दुभाजक उघडला की भरधाव वाहनांसमोर उजवीकडे वळणे आले. त्याऐवजी जवळच्या भुयारी मार्गापर्यंत किंवा सुरक्षित वळणापर्यंत दोन्ही बाजूंना सेवा रस्ता मागावा. उलट्या दिशेने जाणारा माणूस बहुधा लांबचा फेरा टाळत असतो, त्यामुळे फेरा लहान करणे हाच त्यावरचा उपाय आहे. राष्ट्रीय महामार्गाबाबत २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण (जमीन आणि वाहतूक) कायद्याच्या कलम २८ नुसार महामार्ग प्रशासनाच्या परवानगीशिवाय वाहनाने, किंवा पाच अथवा अधिक जणांच्या गटाने पायी, महामार्गावर येण्याचा हक्क कोणालाही नाही. म्हणून गावकऱ्यांनी स्वतः दुभाजक फोडणे कायद्यात बसत नाही आणि त्यात धोकाही मोठा आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या हातात आहे. घरकुलांची नवी वस्ती, आठवडी बाजार, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र यांसाठी ई-क्लास (सरकारी गायरान) जमीन सुचवताना ती महामार्गाच्या ज्या बाजूला गाव आहे त्याच बाजूची सुचवावी. जागा मोकळी आणि स्वस्त म्हणून पलीकडे वस्ती गेली की दररोज शाळकरी मुलांनी चार पदर ओलांडायचे, हे आपणच ठरवल्यासारखे होते. पलीकडची जागा घेण्यावाचून गत्यंतर नसेल, तर आधी भुयारी मार्ग मंजूर करून घ्यावा, नंतर वस्ती न्यावी.

प्रश्न : रस्त्याकडचे दीड एकर विकले. खरेदीदाराने कुंपण घातल्याने मागे राहिलेल्या शेताची वाट बंद झाली. काय करावे?
(एक वाचक, ता. देवळी, जि. वर्धा)

उत्तर : खरेदीखतात वाटेचा उल्लेख आहे काय, ते प्रथम पाहावे. आपली वहिवाटीची वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. पूर्वीची वाटच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ नुसार सर्व्हे नंबरच्या हद्दीवरून, म्हणजे धुऱ्यावरून, रस्ता मागता येतो. तहसीलदारांच्या त्या निर्णयाविरुद्ध एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. सहा महिने पेरणी, डवरणी आणि कापूस वेचणीच्या धांदलीत निघून जातात, म्हणून अर्ज या आठवड्यातच करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.