कोरोनाच्या काळात आफ्रिकेतल्या एखाद्या देशात राहणं-फिरणं कसं होतं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की भावाला बोत्सवानातून नोकरीचं बोलावणं आलंय, आणि घरचे म्हणतायत, "उद्या पुन्हा कोरोनासारखं काही आलं तर तिकडं त्याचं कोण?" मी त्या काळात तिथंच होतो. २०१७ ते २०२२, मुक्काम राजधानी गॅबोरोनला, काम बोअरवेलचे पंप बसवायचं आणि बिघडले की दुरुस्त करायचं. मूळचा सांगली जिल्ह्यातला. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो. सगळ्या आफ्रिकेचं मला विचारू नका. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत काय चाललंय ते आम्हीही टीव्हीवरच बघत होतो.

आधी देशाचा अंदाज घ्या. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीला थोडं कमी, आणि माणसं तेवीस-चोवीस लाख, म्हणजे जवळपास एकट्या नागपूर शहराएवढी. त्यातली बरीचशी पूर्वेच्या पट्ट्यात, ए-वन हायवेच्या आजूबाजूला. बाकी बराचसा कालाहारीचं वाळवंट. पाण्याचं एवढं अप्रूप की चलनाचं नावच 'पुला', म्हणजे पाऊस. अशा देशात पंपवाल्याचं काम थांबत नाही. त्यामुळं सगळे घरात बसलेले असताना मी मात्र हायलक्स पिकअप घेऊन रस्त्यावर असायचो.

३० मार्च २०२० ला पहिले तीन रुग्ण जाहीर झाले आणि २ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून देश बंद. आणीबाणी लागली, ती वाढत वाढत सप्टेंबर २०२१ च्या अखेरीपर्यंत चालली. सुरुवातीलाच एक गंमत झाली. आणीबाणी वाढवायला संसद भरली, आणि तिथं खासदारांची तपासणी करणारी नर्सच पॉझिटिव्ह निघाली. राष्ट्राध्यक्ष मासिसींसकट सगळी संसद चौदा दिवस विलगीकरणात! आमच्या यार्डातल्या, म्हणजे कामाच्या जागेवरच्या, ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

पहिल्या महिन्यात किराणा आणायलाही परवाना लागायचा. घरातल्या एकानंच जायचं, फोनवर परवाना दाखवायचा. मी एकटाच होतो, त्यामुळं कोणी जायचं यावर भांडण नव्हतं. बायको आणि मुलगी फेब्रुवारीत सांगलीला गेल्या होत्या, महिन्याभरासाठी. तो महिना किती लांबला ते पुढं येईलच.

मे महिन्यात दुकानं-ऑफिसं हळूहळू उघडली, पण देशाचे नऊ झोन पाडले. ग्रेटर गॅबोरोन एक, ग्रेटर पालाप्ये एक, माऊन एक, चोबे एक, असे. झोनच्या आत फिरा, पण हद्द ओलांडायची तर कारण सांगून परवाना घ्या. हद्दीवर पोलीस, सैनिक, कपाळाला थर्मामीटर आणि ट्रकांची रांग. कधी कडक, कधी सैल, असं हे बरेच महिने चाललं. जुलैच्या शेवटी गॅबोरोन तर पुन्हा दोन आठवडे अख्खं बंद केलं.

आता मला जे खरं सांगायचंय ते. या हद्दींवर थांबायची तिथल्या लोकांना सवय होती. कोरोनाच्या कितीतरी आधीपासून. आणि ती लागली होती गुरांमुळं.

आपल्याकडं लाळ्या-खुरकूत आली की गावात दवंडी, बाजार बंद, बैलाच्या तोंडाला फेस, बास. बोत्सवानात लाळ्या-खुरकूत म्हणजे देशाच्या तिजोरीचा प्रश्न. हिऱ्यांच्या आधी या देशाचं पोट गोमांसावर होतं, मी होतो तेव्हाही ते युरोपात जात होतं. युरोपवाल्यांची अट अशी की जिथं रोग नाही त्याच भागातलं मांस घेणार. उत्तरेला ओकावांगोच्या दलदलीकडं रानरेडे आहेत, त्यांच्यात हा रोग कायमचा असतो. म्हणून १९५० च्या दशकापासून देशभर आडवी-उभी शेकडो किलोमीटरची तारेची कुंपणं घातलीत. हायवे जिथं कुंपण ओलांडतो तिथं गेट. गॅबोरोनहून उत्तरेला शे-सव्वाशे किलोमीटरवर दिबेतेचं गेट लागतं. गाडीची चाकं औषधाच्या पाण्यातून काढायची, आपण खाली उतरून ओल्या पायपुसण्यावर बूट घासायचे, आणि उत्तरेकडून येताना गाडीत कच्चं मांस असेल तर ते तिथंच ठेवायचं. नवीन होतो तेव्हा हे बघून मला हसू आलं होतं. गुरं एका भागातून दुसऱ्या भागात न्यायची तर त्यांचाही परवाना लागतो, कानात नंबरचा बिल्ला असतो.

(कुंपणांची दुसरी बाजूही आहे. १९८० च्या दशकातल्या दुष्काळात पाण्याकडं निघालेले हजारो वाइल्डबीस्ट (गाईसारखं दिसणारं मोठं हरीण) कुकेच्या कुंपणाशी येऊन तडफडून मेले. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतं. पाण्याच्या धंद्यात असल्यामुळं की काय, हे ऐकल्यापासून त्या तारेकडं बघताना मला बरं वाटत नाही.)

तर दिबेतेच्या त्याच गेटवर २०२० मध्ये माणसांचे परवाने बघायला लागले. आमचा फोरमन साठीच्या घरातला. त्याला आम्ही सगळे मालोमे म्हणायचो. सेत्स्वाना भाषेत मालोमे म्हणजे मामा, आणि मामाचा मान तिकडंही आपल्यासारखाच, लग्न ठरवायचं तर मामाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. पहिल्यांदा परवाना घेऊन आम्ही दोघं दिबेतेला थांबलो तेव्हा मालोमे म्हणाला, "एवढी वर्षं माझ्या गुरांचे कागद बघत होते, आता माझे बघतायत." गेटवरचा पोरगा हसला, पण कागद नीट वाचूनच सोडलं.

मालोमेचं दुखणं मात्र वेगळं होतं. तिथल्या जुन्या माणसाला घर एक नसतं. 'मोत्से' म्हणजे गावातलं घर, 'मासिमो' म्हणजे शेतावरचं, आणि 'मोराका' म्हणजे लांब रानात जिथं गुरं असतात ती जागा. आपल्याकडं गावात घर आणि मळ्यात वस्ती असते तसंच, फक्त मध्ये दोनशे किलोमीटर. नोकरीमुळं शहरात चौथं घर. मालोमेची नोकरी गॅबोरोनला, गाव सेरोवे, आणि मोराका बोतेतीकडं. तीन जागा, तीन झोन! महिन्याच्या शेवटी पगार झाला की शुक्रवारी संध्याकाळी गॅबोरोनमधून गाड्यांची रांग उत्तरेला लागायची, ती सगळी अशा माणसांची. परवान्याच्या अर्जात 'प्रवासाचं कारण' असा रकाना होता. नोकरी, दवाखाना, अंत्यविधी हे चालायचं. "गुरं बघायची आहेत" हे कारण कधी चालायचं, कधी नाही. एका जोडप्याचं तर आम्ही डोळ्यांदेखत बघितलं: बायकोचा परवाना मंजूर, नवऱ्याचा नाही. दोघं गेटच्या बाजूला झाडाखाली गाडी लावून कितीतरी वेळ बसले होते.

आम्ही पंपाच्या कामाचा परवाना घ्यायचो. त्यात मालोमेचं नाव घालायचो, आणि काम आटोपलं की वाट थोडी वाकडी करून त्याच्या मोराकावर जायचो. नियमात बसत नव्हतं, खोटं कशाला बोलू. तिथं एक गुराखी चार महिने एकटा होता. त्याला मास्क म्हणजे काय ते आम्ही गेल्यावर कळलं. त्याची पहिली चौकशी हीच, की पावसाचं काय म्हणतायत.

रोजच्या जगण्यातलं सांगायचं तर वही. प्रत्येक दुकानाच्या दारात वही आणि दोरीला बांधलेलं पेन. नाव, फोन नंबर, तापमान लिहायचं, मगच आत. मोठं सुपरमार्केट असो नाहीतर पत्र्याची टपरी, वही हवीच. हातावर सॅनिटायझर आधी मारायचे आणि मग शंभर जणांनी धरलेलं तेच पेन हातात द्यायचे. या क्रमाचा शोध कुणी लावला देव जाणे.

दुसरं म्हणजे हस्तांदोलन. तिकडं डावा हात उजव्या कोपराला लावून हात मिळवतात, मान देण्याची ती रीत. ते बंद झालं तेव्हा म्हातारी माणसं अक्षरशः अवघडली. "दुमेला रा" म्हणून हात पुढं यायचा, मध्येच थांबायचा आणि छातीवर जायचा. मी नमस्कार करून मोकळा व्हायचो. पुढं पुढं यार्डातले दोघं-तिघं मलाही नमस्कारच करायला लागले.

दारूवर बंदी यायची, उठायची, पुन्हा यायची. रात्रीची संचारबंदी होती. कोंबीत, म्हणजे आपल्या वडापच्या गाडीत, माणसं कमी बसवायची सक्ती होती, त्यामुळं सकाळी थांब्यावर ही रांग. यात माझ्यासाठी वेगळं काही नव्हतं, भारतातही हेच चाललेलं.

भाकरीचं मात्र सांगतो. सुरुवातीला गव्हाचं पीठ मिळेना झालं. 'माबेले' म्हणजे ज्वारी, तिचं पीठ मुबलक, कारण तिथले लोक त्याचा घट्ट लापशीसारखा 'बोगोबे' करतात. मला वाटलं, झालं काम. पण ते पीठ जाडं, आणि विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, कधीच गेलेली. थापायला घेतलं की चिरायचं. आई सांगलीहून व्हिडिओवर बघून ओरडायची, "अरे उकळतं पाणी घाल, उकड काढ आधी!" दोन-तीन आठवड्यांनी तव्यावर पहिली अख्खी भाकरी उतरली. मालोमेच्या बायकोला नेऊन दिली. त्या बाईनं ती वाटीत कुस्करून, वर दूध ओतून बोगोबेसारखी चमच्यानं खाल्ली. आजोबाही दूध-भाकरी अशीच खायचे.

तुमच्या घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक इथंच आहे. जानेवारी २०२१ मध्ये मला ताप आला, चव गेली. दहा दिवस रोज संध्याकाळी गेटच्या दांडीला पिशवी अडकवलेली असायची. कधी मोरोगो म्हणजे रानभाजी, कधी ताक. हॉर्न वाजवून माणूस निघून जायचा. भावाला सांगा, तिकडं गेल्यावर ऑफिसातल्या भारतीयांपुरतं राहू नको. आणि पासपोर्ट-परमिटची मुदत संपायच्या सहा महिने आधी हालचाल कर. बंद काळात परमिट संपलेल्या माणसांचे हाल मी बघितलेत.

जुलै २०२१ फार वाईट गेला. तिकडं तो हिवाळा. डेल्टा आला, आणि लस पुरेशी नव्हती. मार्चमध्ये लसीकरण सुरू झालं तेव्हाच्या लशी भारतानं भेट दिलेल्या कोविशील्डच्या होत्या, पुण्यात बनलेल्या. खोक्यावर पुण्याचं नाव बघून मी उगाचच चार लोकांना सांगितलं होतं, "हे आमच्या गावापासून चार-साडेचार तासांवर." नंतर भारतातच दुसरी लाट आली, निर्यात थांबली, आणि त्या बढाईची मला लाज वाटायला लागली. मालोमेची मोठी बहीण त्या महिन्यात गेली. तिकडं अंत्यविधी शनिवारी पहाटे असतो. त्याआधी आठवडाभर रोज संध्याकाळी प्रार्थना, नातलग मुक्कामाला, बैल कापतात, तीन पायांच्या मोठ्या हंड्यांत मांस शिजतं. तेव्हा मात्र पन्नासच माणसं, प्रार्थना नाहीत, अंत्यविधी झटपट. मालोमेला परवाना मिळाला, त्याच्या मुलांना नाही. परत आल्यावर तो फक्त एवढंच म्हणाला, की हंडे उपडेच होते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये सगळं उघडलेलं होतं, आणि मी तिकीट काढलं. तेवढ्यात ओमायक्रॉन. तो गॅबोरोनच्याच प्रयोगशाळेत डॉ. सिखुलिले मोयो यांच्या गटाला सापडला. बाहेरून आलेल्या चार परदेशी माणसांच्या नमुन्यांत. एवढ्याशा देशात एवढी तयारीची प्रयोगशाळा कशी, तर एचआयव्हीमुळं. या देशानं एड्समध्ये एक पिढी गमावली आणि २००२ पासून सरकारी खर्चानं औषधं द्यायला सुरुवात केली. विषाणू वाचायचं शिक्षण त्यातून आलं. त्यांनी शोधलं आणि जगाला लगेच सांगितलं. बक्षीस काय मिळालं? दोन-तीन दिवसांत अर्ध्या जगानं दारं लावली. यार्डात त्या आठवड्यात लोक खरोखर चिडलेले मी पाहिले.

महाराष्ट्रानं डिसेंबरच्या सुरुवातीला तीन देश वेगळे काढले: दक्षिण आफ्रिका, बोत्सवाना, झिम्बाब्वे. इथून येणाऱ्याला सात दिवस सक्तीचं विलगीकरण. मी अदिस अबाबामार्गे मुंबईत उतरलो. काउंटरवरच्या पोरानं पासपोर्ट उलटसुलट केला. "बोत्सवाना म्हणजे साऊथ आफ्रिकाच ना?" म्हटलं, नाही, पण तुमच्या यादीत आहे. अंधेरीत हॉटेलची खोली, खर्च माझा, खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत. बायको-मुलगी सांगलीला गेल्या त्याला बावीस महिने झालेले, मी देशात आलो आणि मुलगी अजून फोनवरच.

तिसऱ्या दिवशी मालोमेचा मेसेज आला. तिकडं उत्तरेकडची गुरं कापायला नेण्याआधी वेगळ्या वाड्यात काही दिवस ठेवतात. त्यानं विचारलं होतं, "वाड्यात घातलं म्हणे तुला. चारा-पाणी बरं आहे का?"

मी जेवणाच्या ताटाचा फोटो पाठवला. वरण-भात, कोबीची भाजी, काकडी.

त्याचं उत्तर आलं, "मांस नाही? मग चाराच आहे की."