वीस तारखेपर्यंत पुरणारी ताकद

"चहा कमी करा म्हणता मॅडम, पण मग कामाला ताकद कुठून आणू?" हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. उत्तर म्हणून सोलापुरातल्या एका ताईंचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ताई कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करतात. टॉवेल-चादरीवाल्यांची जीएसटीची रिटर्न भरायची, त्यामुळे दर महिन्याची ११ आणि २० तारीख डोक्यावर. सकाळी उपाशीपोटी चहा, दिवसभर टपरीवरचं कटिंग, जेवणाऐवजी चहा-खारी आणि रात्री नऊला थर्मासमधला शेवटचा कप. "१८ तारखेला अंगात वारं भरतं. २१ला अंथरुणातून उठवत नाही."

मी चहा बंद करायला लावला नाही. एकदम सोडला तर डोकं ठणकतं, चिडचिड होते आणि माणूस दोन दिवसांत पुन्हा टपरीवर जातो. प्रत्येक कपाची वेळ तेवढी वहीत लिहायला सांगितली. चहातलं कॅफिन थकवा घालवत नाही. थकव्याचा निरोप देणाऱ्या अ‍ॅडिनोसिनची मेंदूतली वाट अडवतं. साधारण पाच तासांनीही त्यातलं निम्मं अंगात असतं. म्हणजे नऊचा चहा रात्री दोनलाही पुरता उतरलेला नसतो. वही बघून त्यांनी स्वतःच तो कप आधी काढला. मग तीन-चार दिवसांनी एकेक कमी.

रक्तही तपासून घेतलं. हिमोग्लोबिन कमी निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि चहा जेवणापासून तासभर लांब ठेवायला सांगितला, कारण चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये खारीच्या जागी कडक भाकरी आणि शेंगा चटणी आली. दही घरून डब्यात.

खरी अडचण पुढे होती. झोप सुधारली, डोकेदुखी थांबली, तरी ताई रडवेल्या होऊन आल्या. "सगळं सपाट वाटतंय. भीती वाटल्याशिवाय हात चालत नाही." हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण इथेच माणसं घाबरून जुन्या सवयीकडे वळतात. वर्षानुवर्षं घाईच्या धडधडीलाच आपण हुशारी समजत आलो, तर ती नसताना आजारी असल्यासारखं वाटणारच. तो आळस नव्हे. आम्ही ठरवलं की ५ तारखेपासून रोज सकाळी दहाला, फोन बाजूला ठेवून, एकाच व्यापाऱ्याची बिलं जुळवायची. सुरुवातीला कंटाळा आला. मग एका महिन्यात १९ तारखेला त्या सात वाजता घरी निघाल्या आणि मला फोन करून म्हणाल्या, "काहीतरी राहिलंय असं वाटतंय, पण काहीच राहिलेलं नाही."

आता दिवसाला दोन कप आहेत. मे महिन्याच्या उकाड्यात झोप मोडते तेव्हा तिसरा होतो, पण दुपारी तीनच्या आत. तुमचं चहा आवरूनही महिनाभर अंग जडच राहत असेल, तर हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ डॉक्टरांकडून जरूर तपासून घ्या.