चाळिशीतला ‘नवोदित’

प्रश्न : फ्रान्सच्या सेझार पुरस्कारांमध्ये उदयोन्मुख अभिनेत्याचे पारितोषिक २०२१ साली झाँ-पास्काल झादी यांना मिळाले, तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते असे वाचले. चाळिशीतला नट नवोदित कसा? या पारितोषिकासाठी पहिलाच चित्रपट असावा लागत नाही का?

उत्तर : नाही, पहिलाच चित्रपट असावा लागत नाही, घोटाळा होतो तो आपल्या ‘नवोदित’ या शब्दामुळे. १९८३ पासून दिल्या जाणाऱ्या या पारितोषिकाच्या फ्रेंच नावात बरीच वर्षे ‘आशास्थान’ या अर्थाचा शब्द होता. अलीकडे त्याजागी जो शब्द आला, त्याचा अर्थ आजवर दृष्टीआड असलेले उजेडात येणे असा आहे, आणि माझ्या मते तोच अधिक प्रामाणिक आहे. कारण आशा आपण तरुणाकडूनच बाळगतो, दृष्टीआड मात्र माणूस कोणत्याही वयात राहू शकतो. झादी तर कित्येक वर्षे तुटपुंज्या पैशांत स्वतःच चित्रपट काढत आले होते, आणि ज्या चित्रपटासाठी त्यांचा गौरव झाला त्याचे सहदिग्दर्शकही तेच होते.

निवडीची रीत थोडक्यात सांगायची तर अशी : कलाकारांची निवड करणाऱ्या कास्टिंग डायरेक्टर मंडळींची समिती आधी नावे सुचवते, आणि मग हे पुरस्कार देणाऱ्या अकादमीचे सदस्य, ज्यांची संख्या चार हजारांहून अधिक आहे, दोन फेऱ्यांत मतदान करून नामांकने व विजेता ठरवतात.

जुन्या नावाने कधी कधी गमतीदार पेच उभा केला. १९८४ साली रिशार आँकोनिना यांना एकाच भूमिकेसाठी हे पारितोषिक आणि सहायक अभिनेत्याचेही मिळाले. २०१० साली ताहार राहिम यांनी तुरुंगात घडत जाणाऱ्या तरुण कैद्याच्या भूमिकेसाठी हे तर घेतलेच, पण त्याच रात्री सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचेही पटकावले. ‘पुढे नाव काढील’ आणि ‘आज याच्यासारखा दुसरा नाही’ असे एकाच माणसाविषयी एकाच संध्याकाळी म्हणायचे, म्हणजे आशेला काही कामच उरत नाही. गास्पार उलियेल यांच्या बाबतीत मात्र जुना शब्द चपखल बसला. २००५ साली आशास्थान ठरलेला हा नट बारा वर्षांनी, २०१७ साली, सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला.

नव्या शब्दाची खरी कसोटी २०२५ च्या विजेत्याने पाहिली. अबू सांगारे हे गिनीतून आलेले, आमियाँ शहरात मेकॅनिकचे काम शिकलेले आणि पूर्वी कधीही अभिनय न केलेले गृहस्थ. चित्रपटात ते पॅरिसच्या रहदारीतून सायकलवर घरोघर जेवण पोहोचवतात आणि पॅडल मारता मारता, फ्रान्समध्ये आश्रय मागण्याच्या मुलाखतीत स्वतःची म्हणून सांगायची दुसऱ्याची कहाणी घोकत राहतात. स्वतः सांगारे यांचे फ्रान्समधील वास्तव्याचे अर्ज यापूर्वी फेटाळले गेले होते; परवाना त्यांच्या हाती पडला तो जानेवारी २०२५ मध्ये, आणि हे पारितोषिक त्यानंतर काही आठवड्यांनी.