सल्काटा (आफ्रिकेतलं जमिनीवरचं कासव) जातीच्या पिल्लाने गोणपाटाचा धागा गिळलाय, मागून टोक लोंबतंय. ओढू का? आणि पेटीत अंथरू काय?

ओढू नका. सल्काटाचं आतडं लांब असतं आणि धाग्याचं दुसरं टोक आत कुठे अडकलंय ते बाहेरून कळत नाही. ओढलं की लेंग्याच्या नाडीवर कापड गोळा व्हावं तसं आतडं धाग्यावर गोळा होतं, आणि मग धागा ते कापतो. टोक जमिनीवर घासत असेल तर दोन सेंटीमीटर ठेवून उरलेलं कात्रीने कापा, बस्स.

पिल्लाला ऊब द्या, कारण गार पडलेल्या कासवाचं आतडं हलतच नाही. दिव्याखालची जागा ३५ ते ३८ अंश ठेवा. दिवसातून दोनदा ३०-३२ अंशाच्या पाण्यात २० मिनिटं बसवा. पाठीचं आणि पोटाचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंतच पाणी, नाक वर. एरंडेल किंवा पॅराफिन पाजायचा सल्ला कुणीतरी देईलच, तो ऐकू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं, तेल सरळ फुफ्फुसात जाऊ शकतं.

दोन दिवसांत धागा सुटला नाही तर सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर गाठा. खाणं बंद झालं, नुसतंच कुंथतंय, किंवा मागून लाल मांस बाहेर आलं तर त्याच दिवशी. मांस ओल्या फडक्याने झाकून न्या. साध्या एक्स-रेत खडा दिसतो, ताग दिसत नाही. म्हणून त्याच गोणपाटाचा तुकडा सोबत न्या.

आता अंथरायचं काय. दशा सुटणारं काहीही नको: गोणपाट, टॉवेल, प्लॅस्टिकचं गवत. वाळू, खडी, मक्याच्या कणसाचा चुरा आणि देवदाराचा भुसाही नको. खत न घातलेली माती आणि कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) निम्मं-निम्मं घ्या. ९० बाय ६० सेंमीच्या पेटीत ८ सेंमी थराला साधारण ४३ लिटर लागतं, त्यात कोकोपीटच्या ६५० ग्रॅमच्या तीन विटा पुरतात. वीट भिजवून फुलली की पाच मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा. चाळणीवर जो काथ्या उरतो तोच पिल्लाच्या पोटात जातो, तो फेकून द्या. मूठ दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतकाच ओलावा. एवढ्या लहान पिल्लाला कोरडं अंथरूण मानवत नाही, पाठीवर उंचवटे येतात.

चारा मातीवर टाकू नका, शहाबादी फरशीच्या तुकड्यावर द्या, चोचही झिजते. एवढं करूनही माती चाटत असेल तर कॅल्शियम कमी पडत असेल. समुद्रफेसाचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा पेटीतच ठेवा, आणि काकडी-टोमॅटोऐवजी हरळी, जास्वंदीची पानं वाढवा.