बाळाच्या केकमध्ये मध चालेल का?

प्रश्न : गंगापूर रोडला एका घरी मी दोन मुलं सांभाळते, दहा महिन्यांचं बाळ आणि त्याची चार वर्षांची ताई. दुपारी कुकरमध्ये रव्याचा केक करते. साखरेऐवजी मध घालू का? आणि केक मधोमध बसतो, तो का?
– एक मावशी, नाशिक

उत्तर : मावशी, मध नकोच! वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार, होऊ शकतो, आणि केक भाजल्यानेही ती भीती जात नाही. पिकलेलं केळं कुस्करून घाला, गोडी पुरते. द्राक्षं मात्र ताईलाही उभी चिरूनच द्या. अख्खं द्राक्ष घशात अडकतं. आता केक. दह्यात सोडा पडला की लगेच फसफसतो; मग मिश्रण तसंच थांबलं तर तो फेस निघून जातो आणि केक मधोमध बसतो. म्हणून रवा आधी भिजवा, कुकर तापवून ठेवा, सोडा अगदी शेवटी. शिट्टी आणि रिंग काढता ना?