वेल्लोरचं सीएमसी, तिथले ‘समग्र उपचार’ आणि पुणेकरांची जुनी शंका

प्रश्न असा आहे: तमिळनाडूतल्या वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, म्हणजे सीएमसी, मिशनऱ्यांनी काढलं. तिथे ‘शरीर, मन आणि आत्मा’ या तिन्हींची काळजी घेतात म्हणे. या हॉस्पिटलचा इतिहास काय? ‘समग्र उपचार’ हे धर्मप्रसाराला दिलेलं गोंडस नाव तर नाही ना? आणि पुण्यात राहून आईला किडनीच्या आजारासाठी तिकडे न्यावं का?

मी पुण्यातल्या एका ट्रस्ट हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर होते. वेल्लोरला पेशंट पाठवलेत आणि मावशीसोबत तिथे राहिलेही आहे. डॉक्टर नाही, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

आधी शंकेचं बघू, कारण ती आपल्याकडे नवी नाही आणि अगदीच निराधारही नाही. 1878 मध्ये गोपाळराव जोशांनी आनंदीबाईंच्या अमेरिकेतल्या शिक्षणासाठी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याकडे मदत मागितली. वाइल्डरसाहेबांनी कोल्हापुरात बरीच वर्षं मिशन चालवलेलं. उत्तर आलं ते असं, की आधी ख्रिस्ती व्हा, मग बघू. त्यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, तो न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला, आणि मदत त्यांनी केली, तीही अट न घालता. आनंदीबाई हिंदू राहूनच फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून 1886 साली डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात वारल्या. नंतर पंडिता रमाबाईंच्या विधवांसाठीच्या शारदा सदनावरून पुण्यात केवढं वादळ उठलं! मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवलं जातंय या आरोपावरून 1893 मध्ये रानडे आणि भांडारकरांनी सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं. तेव्हा ‘मिशनवाल्यांची मदत फुकट नसते’ हे मत पुण्याने उगाच बनवलेलं नाही. सीएमसीला ते कितपत लागू पडतं, हा पुढचा प्रश्न.

सीएमसीची संस्थापिका आयडा स्कडर. जन्म 1870, वेल्लोरजवळच्या राणीपेटचा. आजोबा जॉन स्कडर हे या भागात आलेल्या पहिल्या अमेरिकन डॉक्टर-मिशनऱ्यांपैकी, वडीलही डॉक्टर, अख्खं घराणंच मिशनचं. आयडाला मात्र यातलं काहीच नको होतं. अमेरिकेत शिकायचं, लग्न करायचं आणि तिथेच राहायचं, असा तिचा बेत. आई आजारी म्हणून ती तिंडीवनमला आली, आणि तिथली एका रात्रीची हकिगत सीएमसीत आजही सांगतात. एकामागून एक तीन पुरुष दारात आले, एक ब्राह्मण, एक मुसलमान आणि आणखी एक हिंदू. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडलेल्या. ‘माझे वडील डॉक्टर आहेत, ते येतील,’ असं आयडाने सांगितलं, पण परपुरुषाने बायकोला तपासलेलं तिघांनाही चालणार नव्हतं. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या.

गोष्ट वर्षानुवर्षं सांगून थोडी घोटीव झाली असेल. पण बाईला बाई डॉक्टर न मिळाल्यामुळे जीव जायचे, हे त्या काळाचं वास्तव आपल्याला वेगळं सांगायला नको. चौदाव्या वर्षी जन्मलेलं मूल दहा दिवसांत दगावल्यावर आनंदीबाईंनी डॉक्टर व्हायचं ठरवलं, ते याच दुखण्यातून. आयडा 1895 मध्ये शिकायला गेली तीही फिलाडेल्फियाच्या त्याच कॉलेजात. पुढे कॉर्नेलने मेडिकलला मुली घ्यायला सुरुवात केल्यावर ती तिकडे गेली आणि 1899 मध्ये डॉक्टर झाली.

1900 साली वेल्लोरला परत, वडिलांच्या बंगल्यातल्या एका खोलीत एका खाटेचा दवाखाना. वडील त्याच वर्षी वारले. 1902 मध्ये अमेरिकेतल्या शेल नावाच्या गृहस्थांनी पत्नीच्या नावाने दिलेल्या दहा हजार डॉलरमधून चाळीस खाटांचं हॉस्पिटल उभं राहिलं. मग खेड्यापाड्यांत ठरलेल्या वारी, ठरलेल्या झाडाखाली दवाखाना, आधी बैलगाडीतून आणि नंतर मोटारीतून. 1909 मध्ये नर्सिंगची शाळा, 1918 मध्ये मुलींसाठी मेडिकल स्कूल. ‘तीन अर्ज आले तरी नशीब समजा,’ असं सरकारी अधिकाऱ्याने बाईंना ऐकवलं होतं. आले 151. पुढे जुना डिप्लोमा बंद होऊन पदवी कॉलेज करणं भाग पडलं, तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या आयडाबाई पैसे गोळा करत अमेरिकाभर फिरल्या. ‘हे कॉलेज बायकांचंच राहिलं पाहिजे’ म्हणणाऱ्या जुन्या सहकारी स्त्रियांचा रोष पत्करून त्यांनी मुलांनाही प्रवेश द्यायचं मान्य केलं आणि 1947 पासून मुलं आली. 1960 मध्ये कोडाईकनालला त्या वारल्या. देशातलं पहिलं यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण 1971 मध्ये सीएमसीतच झालं, तुमच्या कामाची माहिती म्हणून सांगते.

आता ‘समग्र’चं. कोणत्याही हॉस्पिटलच्या माहितीपत्रकात हा शब्द आजकाल असतोच, पार्किंगच्या सोयीच्या आसपास कुठेतरी. मी माझ्या कामाच्या सवयीने दोनच गोष्टी बघते: ऑपरेशननंतर पेशंट घरी जाऊन जगणार कसा याचा कोणी विचार केला का, आणि डॉक्टरला पगार कशाचा मिळतो.

पहिल्या गोष्टीसाठी कुष्ठरोगाचं उदाहरण सांगते. पॉल ब्रँड हे हाडांचे सर्जन 1946 मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरोग्याची बोटं ‘सडून गळतात’ असंच तेव्हा सगळे, डॉक्टरसुद्धा, धरून चालायचे. ब्रँडनी वर्षानुवर्षं हात-पाय निरखले आणि दाखवून दिलं, की नसा बधिर झाल्यामुळे वेदना कळत नाही, त्यामुळे भाजतं, कापतं, जखम चिघळते आणि बोटं त्यातून जातात. 1948 पासून त्यांनी निकामी स्नायूंऐवजी चांगले स्नायूबंध वळवून वाकडे झालेले हात सरळ करायला सुरुवात केली. जगात हे पहिल्यांदाच होत होतं. आणि मग पेशंट तक्रार घेऊन परत येऊ लागले! हात सरळ झाला, आता भीकही मिळेना, आणि कामावर तर कोणी ठेवेना. कोणीही सर्जन म्हणाला असता, माझं काम झालं. यांनी 1951 मध्ये कॉलेजच्या आवारातच मातीच्या झोपड्यांची छोटी वस्ती वसवली. ऑपरेशन झालेली पोरं तिथे राहून सुतारकाम शिकायची, लाकडी खेळणी करायची, आणि नव्या हातांनी हत्यार धरताना इजा कशी टाळायची तेही शिकायची.

पायांसाठी त्यांनी चपलांवर काम केलं. तुमच्या ओळखीत जुना डायबिटीस असलेलं कोणी असेल तर एमसीआरच्या (मायक्रोसेल्युलर रबरच्या) चपला पाहिल्या असतील: वर वेल्क्रोचा पट्टा, आत काळं, बारीक छिद्रांचं मऊ रबर. अंगठ्याने दाबलं की ते दबतं आणि सोडलं की वर येतं, तळाला एकही खिळा नाही. बधिर पायाखाली दाब सगळीकडे सारखा वाटला जावा म्हणून हे मऊ रबर, आणि खिळा घुसला तरी कळणार नाही म्हणून खिळा नाही. ही चप्पल कुष्ठरोगाच्या कामातून घडली, त्यात वेल्लोर आणि जवळच्या करिगिरीच्या कुष्ठरोग केंद्रातल्या मंडळींचा मोठा वाटा. आमच्या ओपीडीत पायाला जखम घेऊन येणाऱ्या शुगरच्या पेशंटना मी त्या घ्यायला लावायचे. पेठेतल्या एक आजी भडकल्या होत्या, ‘महारोग्याच्या चपला मला घालायला लावता होय!’ मी म्हटलं, आजी, त्यांनी सोसलं म्हणून तुमचा पाय वाचतोय. नाक मुरडत का होईना, घेतल्या त्यांनी.

त्याच हॉस्पिटलच्या मेरी व्हर्गीस. 1954 मध्ये अपघात झाला आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. तरुण डॉक्टर, सगळं संपलं असंच वाटावं. ब्रँडनी त्यांना सुचवलं, की कुष्ठरोग्याच्या हाताचं ऑपरेशन बसूनही करता येतं. व्हीलचेअरमध्ये बसून त्यांनी ऑपरेशनं केली, परदेशी जाऊन पुनर्वसनाचं शास्त्र शिकून आल्या आणि 1966 मध्ये मणक्याच्या पेशंटसाठी पुनर्वसन केंद्र उभं केलं. पेशंट तिथे राहतो आणि घरी एकट्याने कसं वावरायचं ते शिकून जातो. भारतात तेव्हा अशी सोय फारशी नव्हतीच. आजही पुण्यात मणक्याला मार बसलेल्या गरिबाला ऑपरेशननंतर पाठवायचं कुठे, हा प्रश्न आमच्या टेबलावर हमखास यायचा.

दुसरी गोष्ट पगाराची. सीएमसीचे डॉक्टर पूर्णवेळ पगारी आहेत. बाहेर प्रॅक्टिस नाही, किती ऑपरेशनं केली त्यावर कमाई नाही, आणि शहरातल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलांच्या मानाने पगारही बेताचा. कट प्रॅक्टिस कशाला म्हणतात ते पुण्यात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. तपासणी लिहिणाऱ्याला त्या तपासणीतून काही मिळत नसेल, तर निम्मा विश्वास तिथेच बसतो. माझ्या मते ‘समग्र’ म्हणायचं तर हे आहे. बाकी प्रार्थना वगैरे त्यानंतर. एमबीबीएसला मिशन संस्थांमार्फत आलेल्या मुलांना नंतर दोन वर्षं आडगावच्या मिशन हॉस्पिटलात काम करावं लागतं. ही निवड आपल्याच पद्धतीने व्हावी म्हणून संस्था ‘नीट’विरुद्ध इतकी अडून बसली, की 2017 मध्ये शंभराच्या जागी एकच विद्यार्थी घेतला. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये ‘नीट’ सगळ्यांना लागू असल्याचं सांगितलं. मला स्वतःला तो हट्ट पुरता पटला नाही, पण त्यामागचं कारण खोटं नव्हतं.

प्रार्थना आहेच, ते लपवत कोणी नाही. ‘सेवा करून घ्यायला नव्हे, सेवा करायला’ या अर्थाचं बायबलमधलं वचन हे संस्थेचं ब्रीद आहे आणि येशूच्या भावनेने सेवा करायची असं ते उघड सांगतात. आवारात चॅपल आहे, चॅप्लन, म्हणजे हॉस्पिटलचे धर्मगुरू, वॉर्डातून फिरतात. मावशीकडे आलेल्या चॅप्लननी मोडक्या हिंदीत विचारलं, प्रार्थना केली तर चालेल का? मावशी पक्की सोवळ्यातली, ‘नको’ म्हणाली. ते तिथेच स्टुलावर बसले. घरी कोण आहे, तुमच्याबरोबरची माणसं जेवतात कुठे, लॉजवाला किती घेतो, अशी चौकशी केली आणि गेले. औषधपाण्यात काडीचा फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी मावशीनेच विचारलं, ‘तो कालचा बाबा आज नाही आला?’ एका अनुभवावरून नियम काढू नये हे खरं, पण मी पाठवलेल्या पेशंटपैकीही कोणी धर्मावरून त्रास झाल्याचं सांगितलं नाही. गर्दीबद्दल आणि तासन्‌तास थांबण्याबद्दल मात्र सगळेच बोलले.

आपल्या बाजूचं उदाहरण हवं तर मिरज. वानलेससाहेबांनी 1894 मध्ये उभारलेलं मिशन हॉस्पिटल, जिथे दक्षिण महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांची ऑपरेशनं झाली. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

आता आईंबद्दल. प्रत्यारोपण करावं का, निदान नक्की काय, यावर दुसरं मत हवं असेल तर एकदा जाऊन या. डायलिसिससाठी मात्र नेऊ नका. ते आठवड्यातून दोन-तीनदा लागतं. परक्या गावात, लॉजच्या खोलीत, भाषा येत नसताना ते करण्यात शहाणपण नाही. घर, शेजारी, वरणभात हेही उपचारातच धरा. पैशांची अडचण असेल तर पुण्यातल्या मोठ्या ट्रस्ट हॉस्पिटलांवर कायद्याचं बंधन आहे: 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, शिवाय एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम गरीब पेशंटच्या निधीत. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन थेट समाजसेवा विभागात जा, बिलिंगच्या खिडकीवर वाद घालू नका. ‘खाट शिल्लक नाही’ म्हणाले तर तसं लेखी मागा, आणि ते घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा. लेखी मागितलं की बऱ्याचदा खाट सापडते.

वेल्लोरला जायचं ठरलंच तर स्टेशन काटपाडी, पुण्याहून कन्याकुमारीची गाडी तिथे थांबते. अपॉइंटमेंट घेऊनच निघा आणि त्यावर आवार कोणतं लिहिलंय ते बघा, कारण काही विभाग आता राणीपेटच्या नव्या आवारात गेलेत. किडनीची बायोप्सी झाली असेल तर नुसता रिपोर्ट नको, लॅबमधून मूळ स्लाइड्स आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या. ते लॅबमध्येच राहिले तर तिकडे बायोप्सी पुन्हा करायची वेळ येऊ शकते.